हॉस्पिटलच्या लॅबमधली हवा कोण तपासतं?

गाठ काढली, तुकडा बायोप्सीला पाठवला, काही दिवसांनी रिपोर्ट आला. पेशंट आणि नातेवाईक यांच्यापुरती गोष्ट एवढीच. मधल्या दिवसांत तो तुकडा ज्या खोलीत असतो, तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत काय जातं हे सहसा कुणी विचारत नाही.

लॅबमधला धोका म्हटला की आपल्याला रक्त, सुई, कावीळ, एचआयव्ही आठवतं. तो धोका खराच आहे आणि त्याची जाणीव आता बऱ्यापैकी रुजली आहे. सुई टोचली तर काय करायचं याचा तक्ता लॅबच्या भिंतीवर असतो, हिपॅटायटिस बीची लस टोचलेली असते. रसायनांकडे मात्र लॅबमधलेच लोक 'रोजचंच आहे' म्हणून पाहतात. रक्तातला विषाणू अनोळखी वाटतो, फॉर्मॅलिनचा कॅन ओळखीचा वाटतो, आणि या ओळखीमुळेच माणसं गाफील राहतात. अशा लॅबच्या तपासण्या जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की लॅब सुरक्षित आहे का हे पाहायचं असेल तर रजिस्टर नंतर उघडावं आणि आधी बाटलीच्या मागे जावं. ती स्टोअरमधून कशी आली, कुठे उघडली, कुणी ओतली, शेवटी कुठल्या सिंकमध्ये गेली, हे बघत गेलं की लॅब आपोआप उलगडते.

सुरुवात फॉर्मॅलिनपासून करू, कारण सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात जास्त वेळ त्याच्याच वासात असतात.

शरीरातून काढलेला तुकडा तसाच ठेवला तर सडतो. म्हणून तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात. बाजारातून येणारं तीव्र फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड वायू. लॅबमध्ये त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळतात आणि त्याला '10 टक्के फॉर्मॅलिन' म्हणतात. नावात 10 असलं तरी त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड साधारण 4 टक्के असतं. ऐकायला हे पातळ वाटतं. पण एक हिशोब करून पाहा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात सुमारे 34 घनमीटर हवा मावते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, आठ तासांच्या पाळीसाठी घातलेली सरासरी मर्यादा आहे 0.75 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाऊण भाग. एवढ्या खोलीत ही मर्यादा गाठायला जेमतेम 31 मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड पुरतं. 10 टक्के फॉर्मॅलिनच्या एका मिलिलिटरमध्ये ते जवळपास 40 मिलिग्रॅम असतं. सगळं हवेत उडालं असं धरलं, तर टेबलावर सांडलेले पंधरा-वीस थेंब बास झाले. प्रत्यक्षात सगळं एकदम उडत नाही आणि खोलीही अगदी बंद नसते. पण लॅबमध्ये थेंबांचा नाही, लिटरांचा व्यवहार चालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तेव्हा पुरावा नाकामागच्या, घशाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरचा होता. 2009 च्या फेरआढाव्यात ल्यूकेमियाचीही भर पडली. याचा अर्थ फॉर्मॅलिन हाताळणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असा मुळीच नाही. किती वास, किती वर्षं, यावर धोका ठरतो. रोजच्या कामात दिसणारा त्रास वेगळाच असतो: डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं जड होणं, बोटांच्या बेचक्यांत न जाणारा खाजरा चट्टा, आणि काही जणांना दमा.

याबाबतीत नाकावर विसंबायचं नाही. फॉर्मॅलिनचा वास पहिल्यांदा घेतला की डोळ्यात पाणी येतं, पण थोडा वेळ त्यात राहिलं की नाक सरावतं आणि वास यायचाच बंद होतो. खोलीतलं प्रमाण तेवढंच असतं. लॅबमध्ये नवा आलेला विद्यार्थी दारातच ठसकतो आणि जुने टेक्निशियन म्हणतात, 'होईल सवय.' सवय नाकाला होते, फुप्फुसाला होत नाही. म्हणून हवा मोजावी लागते. मोजायची पद्धत अवघड नाही. शर्टाच्या कॉलरला, नाकाजवळ, एक छोटा बॅज लावतात. पाळी संपली की तो तपासायला पाठवतात. आठ तासांच्या सरासरीबरोबर पंधरा मिनिटांचा चढा आकडाही बघावा लागतो, कारण दिवसभर साधारण हवा असली तरी कॅन ओतताना ती एकदम चढते. ओशाची पंधरा मिनिटांची मर्यादा 2 पीपीएम आहे. जगभर हे आकडे खालीच येत आहेत. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात पाळीसाठी 0.3 आणि पंधरा मिनिटांसाठी 0.6 पीपीएम ठरवले. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संघटनेने 2017 मध्ये त्याहून खाली, 0.1 आणि 0.3 सुचवले.

आता ग्रॉसिंग टेबलाजवळ, म्हणजे नमुना कापून बघायच्या टेबलाजवळ, उभे राहू. ऑपरेशनमधून आलेला मोठा नमुना, समजा गर्भाशय, बरणीतून काढून बोर्डावर ठेवलेला आहे. पॅथॉलॉजिस्ट तो सुरीने उघडतात. आत भरलेलं फॉर्मॅलिन बाहेर येतं, बोर्डावरून ओघळतं, खालच्या कापडात मुरतं. डॉक्टर वाकून बघतात, मोजपट्टी लावतात, मापं सांगतात. टेक्निशियन शेजारी उभं राहून लिहितो, तुकडे छोट्या प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये भरतो. दोघांचे चेहरे नमुन्यापासून हातभर अंतरावर असतात. हे काम काही मिनिटांत उरकत नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये सकाळ त्यातच जाते.

इथे तपासणाऱ्याने पहिल्यांदा बघायचं ते हवेचं तोंड कुठे आहे. अनेक लॅबमध्ये छताजवळ, समोरच्या भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा असतो आणि 'व्हेंटिलेशन आहे' असं फॉर्मवर लिहिलं जातं. स्वयंपाकघरात चिमणी शेगडीच्या डोक्यावर चालते, कारण गरम वाफ आपणहून वर जाते. फॉर्मॅलिनची वाफ गरम नसते. छताजवळचा पंखा तिला वर खेचतो खरा, पण टेबल आणि पंखा यांच्या मधोमध माणसाचं तोंड असतं. म्हणून ग्रॉसिंगच्या टेबलाला हवा खाली किंवा मागे, कामाच्या पृष्ठभागाजवळच ओढणारी जाळी लागते. तिची नळी इमारतीबाहेर, खिडक्यांपासून लांब सुटायला हवी.

स्प्लिट एसीबद्दल तर मोठा गैरसमज आहे. खोली गार झाली की हवा चांगली झाली असं वाटतं. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. वर 'एसीची हवा जाते' म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या जातात. एसी बसवल्यावर लॅबमधली हवा आधीपेक्षा वाईट झाली, असं सहज घडू शकतं.

दुसरी गल्लत कपाटांची. लॅबमध्ये तीन प्रकारची काचेची कपाटं दिसतात आणि लांबून सारखीच वाटतात. फ्यूम हूड हवा आत ओढून छतावरून बाहेर फेकतो. रसायनांचं काम याच्यात. बायोसेफ्टी कॅबिनेट जंतूंसाठी असतं. त्याचा हेपा फिल्टर जंतू अडवतो, वायू अडवत नाही, आणि नेहमीच्या प्रकारात बरीचशी हवा फिरून पुन्हा आतच येते, उरलेली खोलीत सुटते. तिसरं लॅमिनार फ्लो, जे आतला पदार्थ स्वच्छ ठेवण्यासाठी हवा थेट काम करणाऱ्याच्या अंगावर सोडतं. फॉर्मॅलिन किंवा झायलीन (लॅबमधलं दुसरं नेहमीचं रसायन) घेऊन लॅमिनार फ्लोसमोर बसणं म्हणजे पंख्यासमोर बसून ती वाफ अंगावर घेणं. तपासणीच्या यादीत 'हूड आहे का' या प्रश्नापुढे बरोबरची खूण पडते, कुठला हूड हे विचारलंच जात नाही. फ्यूम हूड असलाच, तरी त्याच्या तोंडाशी हवा साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. मोजायचं यंत्र हाताशी नसेल तर टिश्यू पेपरची पट्टी तोंडाशी धरून बघा, ती आत ओढली गेली पाहिजे. ती लोंबकळत राहिली तर तो हूड नुसतं कपाट आहे.

मास्कचंही तसंच. कोविडनंतर एन-95 हाताशी आला, म्हणून तो घालून लोक फॉर्मॅलिन ओततात. तो कण अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी फॉर्मल्डिहाइड शोषणारं काडतूस बसवलेला रबरी मास्क लागतो, आणि काडतूसही ठरावीक काळाने बदलावं लागतं.

सगळ्यात वाईट वेळ कोणती, असं विचारलं तर मी ग्रॉसिंगचंही नाव घेणार नाही. जुने नमुने फेकण्याचा दिवस सगळ्यात वाईट. रिपोर्ट दिल्यावरही उरलेला नमुना काही आठवडे ठेवतात, डॉक्टरांना पुन्हा बघावासा वाटला तर असावा म्हणून. मग एके दिवशी फळीभर बरण्या उतरवल्या जातात. मावशी किंवा मामा एकेक झाकण उघडतात, पातळ भाग ओततात, तुकडे पिवळ्या पिशवीत टाकतात. बहुतेकदा हे दुपारी, डॉक्टर गेल्यावर, मागच्या छोट्या खोलीत चालतं, कारण 'वास येतो'. म्हणजे सर्वांत जास्त वाफ सर्वांत लहान खोलीत निघते आणि सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाच्या वाट्याला येते. तपासणी करणारे सकाळी येतात, चहा घेऊन दुपारी जातात. हा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही.

झायलीनबद्दल थोडक्यात. मेणात बसवण्याआधी तुकड्यातलं अल्कोहोल काढायला आणि नंतर काचपट्टीवरचं मेण काढायला ते वापरतात. त्याने गरगरतं, डोकं दुखतं, कातडी कोरडी पडून भेगाळते. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आत झिरपतं, त्यामुळे हातमोजे आहेत म्हणून बोटं बुडवायची नाहीत. पण झायलीनचा मुख्य धोका आगीचा. साधारण 27 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी होते. नागपूर-अकोल्याचा मे महिना सोडाच, पुण्यात मार्चच्या दुपारीही खोली त्याच्या पुढे जाते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबच्या प्लगपर्यंत पोचू शकते. झायलीनचे कॅन सिंकखाली, गरम मेणाच्या पेटीशेजारी किंवा घरगुती फ्रिजमध्ये ठेवलेले दिसले तर तपासणी तिथेच थांबवून आधी ते हलवायला लावावेत. घरगुती फ्रिजच्या आतल्या थर्मोस्टॅटला आणि दिव्याच्या बटणाला ठिणगी पडू शकते.

आता सिंककडे येऊ. बाटली लेबलसह फळीवर असते तोवर निदान तिचं नाव कळतं. सिंकमध्ये सगळं एकत्र येतं आणि तिथे कुणाचंच लक्ष नसतं.

प्रत्येक लॅबमध्ये हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचच्या द्रावणाची, बादली असते, रक्ताचे नमुने त्यात निर्जंतुक करतात. टीबीच्या थुंकीची काचपट्टी रंगवताना 20 ते 25 टक्के सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. हे ॲसिड धुऊन त्याच सिंकमध्ये गेलं आणि वरून हायपोक्लोराइट पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर लॅबची संख्या भराभर वाढली आणि त्यांच्याबरोबर आलं ग्वानिडिन थायोसायनेट, विषाणू फोडून आरएनए बाहेर काढणाऱ्या द्रावणातलं रसायन. त्यावर ब्लीच ओतलं तर सायनाइडयुक्त विषारी वायू तयार होतात. जंतू मारायचे म्हणून सगळ्यावर हायपोक्लोराइट ओतायची चांगली सवय इथे उलटते. किटच्या माहितीपत्रकात हा इशारा बारीक अक्षरांत असतो. कचरा उचलणाऱ्या माणसापर्यंत तो पोचत नाही.

हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या पद्धतीत ड्रॅबकिनचं द्रावण वापरतात, त्यात पोटॅशियम सायनाइड असतं. प्रमाण अगदी थोडं, पण ॲसिडशी गाठ पडली तर त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. आता बऱ्याच यंत्रांमध्ये सायनाइड नसलेली पद्धत आली आहे. छोट्या लॅबमध्ये जुनी बाटली असेल, तर तिचा कचरा वेगळा ठेवण्याला पर्याय नाही.

सोडियम अझाइडची कथा आणखी विलक्षण आहे. अनेक द्रावणं खराब होऊ नयेत म्हणून त्यांत ते कणभर मिसळलेलं असतं. नळकामात तांबं किंवा शिसं असेल तर वर्षानुवर्षं त्याच्याशी क्रिया होऊन आत धातूचे अझाइड साचतात, आणि ते धक्क्याने फुटतात. अमेरिकेत 1970 च्या दशकात लॅबचे पाइप दुरुस्त करताना असे स्फोट झाले आणि 1976 मध्ये तिथल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने याबद्दल खास इशारापत्रक काढलं. आपल्याकडे आता बहुतेक पाइप पीव्हीसीचे आहेत ही चांगली गोष्ट आहे. तरी जुन्या सरकारी इमारतींत काय पुरलेलं आहे हे नळजोडणी करणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून पाइपाला हात लावण्याआधी त्याला सांगायला हवं की हा लॅबचा पाइप आहे.

आणि पिक्रिक ॲसिड. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन मोजतात, त्याची जाफे पद्धत 1886 सालची आहे आणि आजही भरपूर वापरात आहे. तिच्यात पिक्रिक ॲसिडचं द्रावण लागतं. आता ते पातळ रूपात, तयार किटमध्ये येतं आणि त्याची भीती नाही. भीती आहे ती जुन्या लॅबच्या वरच्या फळीवर, मागे, अनेक वर्षं न हललेल्या घन पिक्रिक ॲसिडच्या बाटलीची. पहिल्या महायुद्धात हाच पदार्थ तोफगोळ्यांत भरत असत. किमान 30 टक्के पाण्याने ओलं असेल तोवर ते निवांत असतं. सुकलं की घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. बाटली कशी ओळखायची? आतली पिवळी पूड गोळे होऊन भिंतीला चिकटलेली, लेबल पिवळं पडलेलं, आणि झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक जमलेले. धोका त्या आट्यांतच आहे. झाकण फिरवलं की स्फटिक घासले जातात. 'बघू तरी आत किती आहे' म्हणून उघडायला जाणं हीच घातक चूक. अशी बाटली हलवायची नाही, उघडायची नाही, पुसायचीसुद्धा नाही. खोली रिकामी करून, दार बंद करून हॉस्पिटल प्रशासनामार्फत बॉम्बशोधक पथकाला कळवायचं. हे वाचून कुणाला अतिरेक वाटेल. मला वाटत नाही.

मग हे सगळं बघायची जबाबदारी कुणाची? उत्तर तुकड्या-तुकड्यांत आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 प्रमाणे फेकलेलं फॉर्मॅलिन आणि इतर रासायनिक द्रव कचरा पिवळ्या वर्गात मोडतो. तो वेगळा गोळा करायचा, प्रक्रिया केल्याशिवाय सांडपाण्यात सोडायचा नाही. महाराष्ट्रात यावर लक्ष ठेवतं प्रदूषण नियंत्रण मंडळ. याच नियमांत कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, लसीकरण, कामावर घेताना आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, आणि अपघाताची नोंद, हे सगळं बंधनकारक आहे. आगीसाठी महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेतली तर त्यांचे असेसर आयएसओ 15189 या मानकाप्रमाणे लॅब बघतात. ही मान्यता ऐच्छिक असते आणि तिचा मुख्य भर रिपोर्ट बरोबर येतो का यावर असतो, जो असायलाच हवा. लॅबच्या सुरक्षेसाठी आयएसओ 15190 हे वेगळं मानक आहे, त्याचं नाव फार कमी ऐकू येतं.

म्हणजे कचरा बघणारे आहेत, आग बघणारे आहेत, रिपोर्ट बघणारे आहेत. श्वासाची हवा या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडते. कारखाने कायदा 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत फॉर्मल्डिहाइड आणि झायलीन दोन्हींच्या मर्यादा होत्या, पण हॉस्पिटलची लॅब सर्वसाधारणपणे त्या कायद्याखाली कारखाना ठरत नसे. त्यामुळे तेच रसायन रंगाच्या कारखान्यात मोजायचं आणि हॉस्पिटलमध्ये मोजायचं नाही, असा प्रकार चालत आला. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीबाबतची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांचा विचार करते आणि ठरवून दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद तिच्यात आहे. तिच्यामुळे लॅबच्या हवेत फरक पडेल का, हे तपासणाऱ्याच्या हातात मोजायचं साधन असतं की फक्त फॉर्म, यावर ठरेल. अमेरिकेत फॉर्मल्डिहाइडसाठी स्वतंत्र नियम आहे आणि हवा मोजणं मालकाचं काम आहे. ब्रिटनमध्ये घातक पदार्थांच्या 2002 च्या नियमांप्रमाणे वाफ ओढणारी यंत्रणा जास्तीत जास्त 14 महिन्यांतून एकदा कसून तपासावी लागते. आपल्याकडे पंखा फिरतो आहे ना, एवढंच बघतात.

चांगली तपासणी कशी असते ते सांगतो. ती शक्यतो न कळवता होते. कळवून आलं की बरण्या कपाटात गेलेल्या असतात, सगळ्यांच्या अंगावर कोरे एप्रन असतात. तपासणारा विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये कमी बसतो आणि मावशींशी जास्त बोलतो. 'सुरक्षेचं प्रशिक्षण झालंय का?' असं विचारलं तर उत्तर 'हो' येणारच. 'हे डोळ्यात उडालं तर काय कराल, करून दाखवा' असं म्हटलं की खरं कळतं. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, आहे, पण त्याच्यासमोर खोकी रचलेली आहेत. किंवा नळ उघडल्यावर आधी तांबूस पाणी येतं, कारण बसवल्यापासून तो कुणी सोडलाच नाही. अमेरिकन मानक सांगतं की धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत तिथे पोचता यावं, सलग पंधरा मिनिटं पाणी मिळावं, आणि दर आठवड्याला तो चालवून बघावा. पंधरा मिनिटं हा फार लांब वेळ आहे. डोळे आपोआप मिटतात, त्यामुळे पापण्या धरायला दुसरं माणूस लागतं. म्हणून या कामाला एकट्याला ठेवू नये.

पुढे तपासणाऱ्याने बाटल्या बघाव्यात. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत काढलेल्या प्रत्येक द्रावणावर नाव, तीव्रता, तारीख आणि धोक्याची खूण आहे का? मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत फॉर्मॅलिन किंवा ॲसिड भरलेलं दिसलं, तर बाकी सगळं ठीक असलं तरी ती लॅब नापास. फॉर्मॅलिन पाण्यासारखंच दिसतं, आणि तहानेने आलेला माणूस वास घेऊन पीत नाही. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा-पत्रक असतं, त्यात 16 विभाग असतात. लॅबमध्ये त्याची जाडजूड इंग्रजी फाइल कपाटात कुलूपबंद सापडते. त्यापेक्षा त्या लॅबमधल्या सात-आठ मुख्य रसायनांचा एकपानी मराठी तक्ता, सिंकच्या वर, लॅमिनेट करून लावलेला, जास्त जीव वाचवेल: काय कशात मिसळायचं नाही, सांडलं तर काय, अंगावर पडलं तर काय.

मग प्रश्न येतो सुधारणांचा, आणि इथे एक क्रम पाळायचा असतो, जो आपण नेमका उलटा पाळतो. आपण आधी हातमोजे-मास्क वाटतो. खरं तर आधी विचारायचं की हे रसायन लागतंच का. क्रिएटिनिनसाठी एन्झाइमची पद्धत आहे, हिमोग्लोबिनसाठी सायनाइडविरहित पद्धत आहे, झायलीनला काही ठिकाणी चालणारे पर्याय आहेत. फॉर्मॅलिनला अजून सर्रास चालेल असा पर्याय नाही, पण ते ओतण्याचं काम कमी करता येतं. आधीच भरलेल्या छोट्या बरण्या विकत मिळतात, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आणि वॉर्डात मोठा कॅन वाकवून ओतायची वेळच येत नाही. खर्च थोडा वाढतो. माझ्या मते लॅबच्या बजेटमध्ये याच्याइतका चांगला खर्च दुसरा नाही. त्यानंतर हवा ओढणारी व्यवस्था, नंतर कामाच्या पद्धती, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं. नमुने फेकण्याचं काम मागच्या खोलीतून काढून हूडखाली आणायला तर काहीच खर्च नाही.

आरोग्य तपासणीबद्दल शेवटचं. वर्षातून एकदा ती होते तेव्हा वजन, बीपी, साखर बघून सही होते. लॅबच्या माणसाला वेगळे प्रश्न हवेत: डोळे कधी चुरचुरतात, बोटांवर चट्टा आहे का, खोकला किंवा धाप कामाच्या दिवशी वाढते आणि सुट्टीत कमी होते का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर कामामुळे होणाऱ्या दम्याचा संशय घ्यावा आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी करावी. गरोदर टेक्निशियनला ग्रॉसिंग आणि झायलीनच्या कामातून बदली मागायची सोय हवी, आणि ती मागितल्यावर कुणी तोंड वाकडं करू नये. या तपासणीच्या यादीत कंत्राटी मावशी-मामा आणि डीएमएलटीचे (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचे) शिकाऊ विद्यार्थी यांची नावं आहेत का, तेही बघावं. पगार हॉस्पिटल देतं की कंत्राटदार, यावर श्वासात जाणारी वाफ कमी-जास्त होत नाही.